बोटांवर मोजलेली कविता

या वेळी वाचकांच्या पत्रांत कवी कमी आणि गणिताशी नाते सांगणारे जास्त निघाले. त्यांपैकी सहा पत्रे येथे घेतली आहेत. काही उत्तरे लांबली आहेत, कारण प्रश्नच तसे होते.

इंग्रजीत ‘फिब’ नावाचा एक कविताप्रकार आहे. त्यात ओळींतील सिलॅबलांची संख्या १, १, २, ३, ५, ८ अशी वाढत जाते. मी मराठीत असा प्रयत्न केला: ‘ये / ना / सरी / अंगणी / नको म्हणते / वाळवणापाशी आई’. मित्र म्हणतात, ही परदेशी उसनवारी आहे. खरेच तसे आहे का? आणि मराठीत अक्षरे मोजावीत की मात्रा?
— एक निवृत्त गणित शिक्षक, सांगली

सरीला बोलावणारे मूल आणि पापडांजवळ बसलेली आई यांच्यातला वाद तुम्ही वीस अक्षरांत मांडला आहे, तेव्हा रचना उसनी असो वा नसो, ती टिकली आहे. फिब हा प्रकार २००६ साली ग्रेगरी पिंकस या अमेरिकी लेखकामुळे लोकप्रिय झाला, हे मित्रांचे म्हणणे बरोबर आहे. मात्र ज्या अंकमालेवर तो उभा आहे (आधीच्या दोन आकड्यांची बेरीज म्हणजे पुढचा आकडा), ती मुळात कवितेच्याच मोजणीतून आपल्याकडे सापडलेली आहे. इटलीतील फिबोनाचीने या मालेचे सशांच्या जोड्यांचे उदाहरण १२०२ साली लिहिले. प्राकृतात छंदशास्त्र लिहिणारा विरहांक त्याच्या काही शतके आधीचा आहे, आणि गुजरातेतील जैन आचार्य हेमचंद्रांनी बाराव्या शतकात हाच नियम स्पष्टपणे नोंदवला.

त्यांच्यापुढचा प्रश्न अगदी व्यवहाराचा होता. लघु (ऱ्हस्व) अक्षराची एक मात्रा, गुरूच्या (दीर्घाच्या) दोन. मग ठरावीक मात्रांचा चरण, म्हणजे ओळ, किती प्रकारे भरता येईल? चार मात्रा घ्या. ‘शाळा’ म्हणजे दोन गुरू. ‘काजळ’ म्हणजे गुरू आणि मागे दोन लघू. ‘सकाळ’मध्ये गुरू मधोमध आहे, ‘कविता’मध्ये तो शेवटी आहे, आणि ‘अडगळ’मध्ये चारही लघू आहेत. पाच शब्द, पाच मांडण्या. सहावी शोधून सापडत नाही. आता या पाचांचे शेवटचे अक्षर झाकून पाहा. जेथे ते लघू होते, तेथे तीन मात्रा उरतात, आणि जेथे गुरू होते, तेथे दोन. म्हणून चार मात्रांच्या मांडण्या म्हणजे तीन मात्रांच्या तीन आणि दोन मात्रांच्या दोन यांची बेरीज होय. याच न्यायाने पुढे ८, १३, २१, ३४ असे आकडे येत जातात.

एक भेद मात्र लक्षात ठेवावा. जुन्या छंदशास्त्रज्ञांनी ही संख्या ‘किती प्रकारे’ या प्रश्नाच्या उत्तरात पाहिली, तर फिबमध्ये ती ओळीची लांबी ठरवते. आकडा आपला म्हणून प्रकारही आपलाच, असे म्हणायचा मोह आवरलेला बरा.

अक्षरे की मात्रा, याचे उत्तर सोपे आहे: अक्षरे मोजा, जशी अभंगात मोजतात. बोलताना आपण ‘वाळवणापाशी’ या शब्दातला ‘ळ’ अर्धाच उच्चारतो. उच्चाराप्रमाणे मोजले तर तुमच्या शेवटच्या ओळीत सातच सिलॅबल भरतील. अभंगाच्या हिशेबाने त्या ओळीत आठ अक्षरे आहेत आणि ‘म्हणते’मधला ‘म्ह’ एकच अक्षर धरला जातो. मराठी कानाला हा हिशेब शेकडो वर्षांपासून सवयीचा आहे.

‘पाऊस आला माझ्या घरी’ अशी सुरुवात असलेली माझी पादाकुलक वृत्तातली कविता एका संपादकांनी ‘ओळ लंगडते’ असे लिहून परत पाठवली. मी चार वेळा मोजले. मात्रा सोळाच आहेत. मोजणी बरोबर, तर चूक कुठे?
— एक वाचक, कोल्हापूर

मोजणी बरोबर आहे आणि संपादकही बरोबर आहेत. पादाकुलकाच्या सोळा मात्रा सलग येत नाहीत. त्या आठ-आठच्या दोन आवर्तनांत येतात. तुमच्या ओळीत ‘पाऊस आ’ येथे सात मात्रा होतात आणि पुढचा ‘ला’ दोन मात्रांचा असल्यामुळे त्याचा एक पाय पहिल्या आवर्तनात व दुसरा दुसऱ्यात पडतो. आवर्तनाच्या आरंभाची टाळी नेमकी त्या ‘ला’च्या पोटात वाजते, म्हणून ओळ अडखळते. आता तेच चार शब्द असे लावा: ‘आला माझ्या घरी पाऊस’. ‘आला माझ्या’ येथे आठ मात्रा पुऱ्या होतात, शब्दही पुरा होतो, आणि उरलेल्या आठ मात्रा ‘घरी पाऊस’मध्ये नीट बसतात. एकही शब्द बदललेला नाही.

वरच्या पत्रातली अंकमाला पुढे नेली, तर सोळा मात्रांच्या एकूण मांडण्या १५९७ भरतात. आठ मात्रांच्या मांडण्या ३४ आहेत, म्हणून मधली सीमा पाळणाऱ्या मांडण्या ३४ गुणिले ३४, म्हणजे ११५६ होतात. उरलेल्या ४४१ मांडण्यांत एक गुरू सीमेवर आडवा पडलेला असतो: त्याच्या अलीकडे सात मात्रा, पलीकडे सात, आणि सात मात्रांच्या मांडण्या २१ असल्यामुळे २१ गुणिले २१ बरोबर ४४१. तुमची ओळ त्या ४४१ पैकी एक होती. या स्तंभलेखकाने कॉलेजात असताना अशाच एका ओळीवर वर्गमित्राशी पैज लावली होती आणि कागदावर जिंकूनही म्हणून दाखवताना हरली होती, त्यामुळे तुमच्या चार वेळा मोजण्यामागचा त्रागा समजू शकतो.

आजी ‘यमाताराजभानसलगा’ असे एक सूत्र म्हणत असे. त्यात आठही गण लपलेले आहेत, एवढे तिने शिकवले. यात काही गणित आहे का?
— अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, पुणे

आहे, आणि फार देखणे आहे. य, म, त, र, ज, भ, न, स हे आठ गण म्हणजे तीन अक्षरांच्या लघुगुरूंच्या आठही शक्य मांडण्या. शाळेत आपण त्या ‘यमाचा’, ‘राधिका’, ‘भास्कर’ अशा आठ सुट्या शब्दांनी पाठ करतो. म्हणजे चोवीस अक्षरे डोक्यात ठेवतो. आजीच्या सूत्रात अक्षरे दहाच आहेत. ज्या गणाचे अक्षर हवे तेथून तीन अक्षरे उचलायची: ‘यमाता’ म्हणजे लघू, गुरू, गुरू, हा झाला य-गण, ‘मातारा’ तिन्ही गुरू, हा म-गण, असे करत शेवटी ‘सलगा’पर्यंत पोचायचे. आठ तुकडे एकमेकांवर चढवून ठेवायचे असतील, तर दहापेक्षा कमी अक्षरांत ते मावणारच नाहीत, कारण आठ तुकड्यांना निदान आठ आरंभस्थाने लागतात आणि शेवटच्या तुकड्याला आणखी दोन अक्षरे.

शेवटची ‘लगा’ ही दोन अक्षरे पुन्हा आरंभीच्या ‘यमा’सारखीच लघू-गुरू आहेत. ती काढून उरलेली आठ अक्षरे बांगडीसारखी गोल जोडली, तरी आठही गण एकेकदाच भेटतात. अशा गोल मांडण्यांना गणितात डच गणिती निकोलास डी ब्रॉइन यांचे नाव आहे. त्यांचा या विषयावरचा लेख १९४६ सालचा.

आता यातला खेळ. लघू, गुरू, गुरू, गुरू, लघू, गुरू, लघू, लघू या क्रमाची अशी ओळ लिहायची, की शेवट पुन्हा आरंभाला चिकटावा. आमचा प्रयत्न: ‘उभी दारी सकाळ नि’. ती गोल म्हणत राहा: उभी दारी सकाळ नि उभी दारी सकाळ नि… येथे ‘नि’ने दुहेरी काम केले आहे. ओळीला शेपूट जोडणारा शब्द हवा होता आणि तो लघूही हवा होता. मराठीत शब्दाच्या शेवटचा इकार बहुधा दीर्घ लिहितात, ‘आणि’ व ‘नि’ हे त्याला ठरलेले अपवाद आहेत. शुद्धलेखनाच्या या नियमाचा असा उपयोग होईल, असे शाळेत कोणी सांगितले नव्हते.

π च्या अंकांप्रमाणे शब्दांची लांबी ठेवून इंग्रजीत वाक्ये रचतात. मराठीत ते जमेल का? आणि शून्याचे काय करायचे?
— अकरावीतला विद्यार्थी, ठाणे

आपण π ला ‘पाय’ म्हणतो आणि कवितेच्या ओळीला ‘चरण’, तेव्हा मराठीत हे जमलेच पाहिजे. इंग्रजीत वर्णाक्षरे मोजतात, आपण अक्षरे मोजू. ३.१४१५९२६ साठी हे पाहा: ‘पाऊस तो रानावर ये सरसरता, डोंगरमाथ्यावरूनच खाली धडपडणारा’. इंग्रजीत नऊ अक्षरी शब्द शोधावा लागतो, मराठीत तो बनवता येतो, कारण विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून लिहिण्याची आपली रीत आहे. ‘डोंगरमाथा’ पाच अक्षरांचा, पण त्याला ‘वरून’ आणि वर ‘च’ लावला की नऊ पुरे. अडचण उलट आहे: एक अक्षरी शब्द थोडे, आणि ‘तो, ती, हे, ये, जा, नि’ एवढ्यांवर दिवस काढावे लागतात.

शून्याची घाई करू नका. π च्या दशांश स्थानांत पहिले शून्य ३२ व्या जागी येते. तेथवर पोचलात, तर एक दंड (।) द्या आणि श्वास घ्या.

खरे तर आपल्या परंपरेत याच्या उलट खेळ होता. अंकांवरून शब्दांची लांबी ठरवण्याऐवजी शब्दांनाच अंकांचे मोल दिलेले असे. चंद्र म्हणजे १, नेत्र २, अग्नी ३, वेद ४, बाण ५, ऋतू ६, ग्रह किंवा नंद ९, आणि ‘ख’ म्हणजे आकाश, म्हणून शून्य. अंक एकं स्थानापासून डावीकडे वाचायचे. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’मध्ये परिघाचा सूक्ष्म नियम देताना ‘भनन्दाग्नि’ आणि ‘खबाणसूर्य’ असे शब्द योजले आहेत. ‘भ’ म्हणजे नक्षत्रे २७, नंद ९, अग्नी ३, मिळून ३९२७; आणि ख ०, बाण ५, सूर्य १२, मिळून १२५०. एकाला दुसऱ्याने भागले की ३.१४१६ येते. त्याच श्लोकात रोजच्या व्यवहारासाठी २२ सप्तमांशही दिले आहेत. पद्यात लिहिण्याचे कारण हौस एवढेच नव्हते. पोथी उतरवताना आकडा सहज चुकतो, पण वृत्तात बसलेला शब्द बदलला की चाल मोडते आणि चूक ऐकू येते. चाळीसगावजवळच्या पाटण येथे भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ स्थापल्याचा शिलालेख आहे, म्हणजे हे श्लोक खानदेशात पाठ होत असणार.

हा खेळ आजही खेळता येतो. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेचे वर्ष १९६० घ्या. उलट वाचले की ०, ६, ९, १. म्हणजे आकाश, ऋतू, ग्रह, चंद्र. आठ-आठ अक्षरांच्या लहान अभंगात ते असे बसते: ‘आकाशात ऋतू फिरे, ग्रहांमागे चंद्र सरे’. ज्याला किल्ली ठाऊक नाही, त्याला ही साधी रात्रीची ओळ वाटेल. एवढीच विनंती, की बँकेच्या कार्डाचा अंक अशा कवितेत घालून ती छापायला पाठवू नका. आमच्या वाचकांत किल्ली ठाऊक असणारे बरेच आहेत.

‘सेस्टिना’ या युरोपीय कविताप्रकारात सहा शब्द आलटून पालटून ओळींच्या शेवटी येतात. आम्ही मित्रमंडळींनी सोपे जावे म्हणून चार शब्दांवर, चार-चार ओळींच्या कडव्यांत तीच रीत वापरली, तर तिसरा शब्द जागचा हललाच नाही. आमचे काय चुकले?
— एक वाचक, मडगाव

तुमचे काहीच चुकले नाही. चार या संख्येचा तो स्वभाव आहे. इतर वाचकांसाठी रीत सांगतो. सेस्टिना बाराव्या शतकातील दक्षिण फ्रान्सचा कवी आर्नो दान्येल याच्या नावावर आहे. पहिल्या कडव्याच्या सहा ओळींचे शेवटचे शब्द घ्यायचे आणि पुढच्या कडव्यात ते शेवटचा, पहिला, शेवटून दुसरा, दुसरा, शेवटून तिसरा, तिसरा अशा क्रमाने लावायचे. जणू गोगलगाईच्या शंखावरून बोट आत आत फिरवावे. शब्द ‘दार, वाट, ऊन, पाणी, हात, नाव’ असतील, तर दुसऱ्या कडव्यात ते ‘नाव, दार, हात, वाट, पाणी, ऊन’ आणि तिसऱ्यात ‘ऊन, नाव, पाणी, दार, वाट, हात’ असे येतात. सहा कडव्यांत प्रत्येक शब्द प्रत्येक जागी एकदाच बसतो आणि सातव्या खेपेला मूळ क्रम परत येतो. शेवटी तीन ओळींचा समारोप धरून कविता ३९ ओळींची होते.

चार शब्दांवर हीच रीत लावली, तर ‘दार, वाट, ऊन, पाणी’चे ‘पाणी, दार, ऊन, वाट’ होते, मग ‘वाट, पाणी, ऊन, दार’, आणि मग पुन्हा मूळ क्रम. ऊन तिसऱ्या जागी ठाण मांडून बसते आणि उरलेले तिघे त्याच्याभोवती फुगडी घालतात. पॅरिसमध्ये १९६० साली स्थापन झालेल्या ‘उलिपो’ या लेखक-गणितींच्या मंडळाच्या संस्थापकांपैकी एक, रेमाँ केनो, याने नेमका हाच प्रश्न विचारला होता: कोणत्या संख्यांवर ही फिरवाफिरव पुरी होते? तीन, पाच, सहा, नऊ, अकरा यांवर होते. चार, सात, आठ, दहा यांवर होत नाही. तेव्हा सोपे हवे असेल, तर पाच शब्द घ्या, कडवी आणि ओळीही पाच-पाच ठेवा.

मराठीतली खरी अडचण मात्र संख्येची नाही. आपले वाक्य क्रियापदावर संपते आणि नामाला प्रत्यय लागला की त्याचे रूपच बदलते. ‘पाणी’ ओळीच्या शेवटी हवे असताना ‘पाण्यात’ येऊन बसते. प्रत्ययाची सूट घ्यायची की नाही, हे आधी ठरवून टाका. आमच्या मते घेऊ नये, कारण तीच तर या खेळातली गंमत आहे. शब्द मात्र अनेक अर्थांचे निवडा. ‘नाव’ पाण्यावरही चालते आणि दारावरच्या पाटीवरही असते. ‘ऊन’ आकाशातून पडते, तसे न्हाणीघरातले पाणीही ऊन असते. ‘वाट’ चालता येते, पाहता येते आणि लागतेही. एकाच अर्थाचा शब्द चौथ्या कडव्यापर्यंत दमतो. या सहांतला ‘दार’ सर्वांत आधी दमेल, असा आमचा अंदाज आहे.

आठवीच्या वर्गाला लघू-गुरू शिकवते. मुले कंटाळतात. गणिताच्या तासाला जोडून काही खेळ सुचवाल का?
— एक शिक्षिका, सातारा

हजेरीपट घ्या. मोठ्या अभंगाच्या पहिल्या चरणाप्रमाणे सहा अक्षरांची ओळ धरली, तर लघुगुरूंच्या मांडण्या २ चा सहावा घात, म्हणजे ६४ होतात. मोठ्या वर्गालाही त्या पुरतात, आणि प्रत्येक हजेरी क्रमांकाला स्वतःची एक मांडणी मिळते. ती काढण्याची युक्ती पिंगलाच्या छंदशास्त्रात दिलेली आहे आणि ती ‘नष्ट’ या नावाने ओळखली जाते. क्रमांक सम असेल तर लघू लिहून त्याचे अर्धे करायचे. विषम असेल तर गुरू लिहून त्यात एक मिळवायचा आणि मग अर्धे करायचे. सहा अक्षरे होईपर्यंत हेच. समजा, क्रमांक ३८. सम, म्हणून लघू, उरले १९. विषम, म्हणून गुरू, वीसचे अर्धे १०. लघू, ५. गुरू, ३. गुरू, २. लघू. क्रम झाला लघू, गुरू, लघू, गुरू, गुरू, लघू, आणि ओळ सुचते: ‘दुपार शाळेत’. चरणाच्या शेवटचा लघू गुरू मानण्याची सवलत या खेळात बंद ठेवावी, नाहीतर क्रमांक आपसांत मिसळतील.

पहिल्या क्रमांकाला सहाही गुरू येतात, ‘आला मोठा राजा’. आणि ६४ क्रमांकाचा कोणी असलाच तर त्याला सहाही लघू, ‘चटकन उठ’. मुलांना हे दोघे आधी दाखवा, म्हणजे बाकीचे सर्व त्यांच्या मधले आहेत, हे कळते.

दुसऱ्या दिवशी उलट खेळ, ज्याला ‘उद्दिष्ट’ म्हणतात. कोणीही उठून आपल्या क्रमांकाची नवी ओळ म्हणायची आणि वर्गाने क्रमांक सांगायचा. फळ्यावर सहा अक्षरांच्या डोक्यावर १, २, ४, ८, १६, ३२ लिहायचे, लघूंवरचे आकडे मिळवायचे आणि बेरजेत एक घालायचा. मागच्या बाकावरून कोणी ‘मला नको भात’ असे म्हटले, तर १, ४ आणि ३२ मिळून ३७, त्यात एक, आणि सारा वर्ग ओरडेल, ‘अडतीस!’